साडेतेरा तासांचा तारा

जातककथांमध्ये 'नक्खत्त जातक' नावाची एक लहानशी कथा आहे. शहरातील एका कुटुंबाने आपल्या मुलासाठी खेडेगावातील मुलीला मागणी घातली व लग्नाचा दिवस ठरविला. मग घरी येणाऱ्या एका आजीवकाला विचारले की, आजचे नक्षत्र कसे आहे? आपल्याला आधी विचारले नाही याचा त्याला राग आला होता. त्याने सांगून टाकले की आजचे नक्षत्र वाईट आहे, आज लग्न केल्यास अनर्थ होईल. शहरवाले घरीच बसले. खेड्यातील मंडळींनी वाट पाहून शेवटी मुलगी दुसऱ्याला दिली. दुसऱ्या दिवशी शहरवाले हजर झाले तेव्हा तेथे भांडणाखेरीज काही उरले नव्हते. एका शहाण्या माणसाने त्यांची समजूत घातली ती अशी की, जी गोष्ट साधायची होती ती तुम्ही स्वतःच्या हाताने घालविली, बिचाऱ्या ताऱ्यांना त्यात कशाला ओढता?

दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तातही ग्रहताऱ्यांवरून भाकिते सांगून पोट भरण्याची गणना हीन विद्यांमध्ये केलेली आहे. एवढे असूनही आज बौद्ध पद्धतीने विवाह लावणाऱ्या काही घरांत त्रिशरण-पंचशील होण्यापूर्वी पंचांग हळूच उघडले जाते, वधूवरांच्या माहितीपत्रकात रास व नक्षत्र यांचे रकाने दिसतात, आणि दुपारचा 'अभिजित मुहूर्त' धरण्यासाठी पाहुण्यांना उन्हात ताटकळत ठेवले जाते, हे आपण सर्वजण पाहतो. यावर भाषणे पुष्कळ झाली आहेत. आमची तक्रार थोडी निराळी आहे. ज्याला तारा शुभ किंवा अशुभ वाटतो, त्याने तारा म्हणजे काय वस्तू आहे हा प्रश्न सहसा कधी विचारलेलाच नसतो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्याच अभिजित ताऱ्याच्या शेजारी असलेल्या एका ताऱ्याची ओळख करून देणार आहोत. हा तारा पंचांगात नाही. नुसत्या डोळ्यांना तो दिसतही नाही. पण आपण या विश्वात नेमके कोठे आहोत हे माणसाला ज्या ताऱ्यांनी सांगितले, त्यांच्या कुळाला याच ताऱ्याचे नाव दिलेले आहे.

अभिजित ज्या तारकासमूहात आहे त्याला आपण स्वरमंडळ म्हणतो व पाश्चात्य लोक 'लायरा' म्हणतात. हात लांब करून मूठ धरली असता आकाशाचा जेवढा भाग मुठीआड जातो, साधारण तेवढ्या अंतरावर, अभिजितच्या ईशान्येला, हंस तारकासमूहाच्या बाजूस हा तारा आहे. त्याचे नाव आरआर लायरी. नाव ऐकायला चमत्कारिक वाटते, पण ते एखाद्या फाईलच्या क्रमांकासारखे आहे. एखाद्या तारकासमूहात ज्याचे तेज कमीजास्त होते असा पहिला तारा सापडला की त्याला 'आर' हे अक्षर द्यायचे, पुढे झेडपर्यंत जायचे, नऊ अक्षरे संपली की 'आरआर' पासून पुन्हा सुरुवात करायची. म्हणजे स्वरमंडळातील हा दहावा असा तारा. ज्या ताऱ्यांचे तेज बदलते त्यांना मराठीत रूपविकारी तारे म्हणतात.

हा तारा शोधला कोणी? सन १९०१ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत विल्यमिना फ्लेमिंग या बाईंनी. त्यांची हकीकत येथे दोन ओळींत उरकणे आम्हाला जमणार नाही. त्यांचा जन्म १८५७ साली स्कॉटलंडमधील डंडी गावी झाला. चौदाव्या वर्षापासून त्या शाळेत मुलांना शिकवू लागल्या. लग्नानंतर १८७८ मध्ये त्या पतीबरोबर अमेरिकेत बोस्टनला आल्या. तेथे पतीने त्यांना सोडून दिले आणि त्या वेळी त्या गरोदर होत्या. परक्या देशात पोट भरण्यासाठी त्यांनी मोलकरणीचे काम धरले. ज्या घरी त्या काम करीत ते घर होते हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांचे. पिकरिंग आपल्या सहायकांच्या कामावर वैतागून म्हणाले की हे काम माझी मोलकरीणसुद्धा अधिक चांगले करील, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिकेचे सोडून देऊ. पण १८८१ मध्ये पिकरिंग यांनी त्यांना वेधशाळेत कामावर घेतले, ही वस्तुस्थिती आहे.

काम काय होते? दुर्बिणीला जोडलेल्या कॅमेऱ्याने काचेच्या पट्ट्यांवर आकाशाची छायाचित्रे घेतली जात. एकेका काचेवर हजारो काळे ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक तारा. भिंगातून ते ठिपके पाहायचे, मोजायचे, त्यांची नोंद करायची, आणि वेगवेगळ्या रात्रींच्या काचा ताडून पाहायच्या. बहुतेक स्त्रियांना या कामाचे तासाला पंचवीस सेंट मिळत. आमच्यासारख्या बँकेतील कारकुनाला हे काम ऐकताक्षणी ओळखीचे वाटते. आकड्यांच्या रांगा, आणि रांगेत न जुळणारा एक आकडा. फरक एवढाच की आम्ही न जुळणारा आकडा सापडला की कपाळाला हात लावतो, आणि फ्लेमिंगबाई तोच तर शोधत होत्या. एखादा ठिपका कालच्यापेक्षा आज लहान दिसला, की तो रूपविकारी असण्याचा संभव. या पद्धतीने त्यांनी तीनशेहून अधिक रूपविकारी तारे व दहा नवतारे शोधले, दहा हजारांहून अधिक ताऱ्यांचे त्यांच्या वर्णपटांवरून वर्गीकरण केले. १८९९ मध्ये त्या वेधशाळेच्या छायाचित्रसंग्रहाच्या अधिकृत अभिरक्षक झाल्या, १९०६ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना मानद सदस्यत्व दिले. तरीही १९०० साली त्यांना वर्षाला १५०० डॉलर मिळत, तर तेथील पुरुष सहायकांना २५०० पर्यंत. ही खंत त्यांनी स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या संस्थेच्या सभासदांमध्ये दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करून मुलांना शिकविलेल्या माता कमी नाहीत, म्हणून हा मजकूर थोडा विस्ताराने दिला.

आता ताऱ्याकडे वळू. आरआर लायरीचे तेज ७.०६ आणि ८.१२ या प्रतींच्या दरम्यान बदलते. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, हे विद्यार्थ्यांना माहीत असेलच. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, म्हणून हा त्या मर्यादेच्या किंचित बाहेर राहतो. एका प्रतीचा फरक म्हणजे प्रकाशात सुमारे अडीच पट फरक. तेव्हा हा तारा आपल्या सर्वांत मंद अवस्थेपेक्षा सर्वांत तेजस्वी अवस्थेत अडीच पटींहून अधिक प्रकाश देतो. आणि ही सगळी फेरी तो १३ तास ३६ मिनिटांत पूर्ण करतो. सकाळची पहिली पाळी सुटून दुसरीही सुटत येते, तेवढ्या वेळात एका संबंध ताऱ्याचे तेज चढून, उतरून पुन्हा पहिल्या जागी येते. चढ जलद असतो, उतार सावकाश. आलेख काढला तर तो करवतीच्या दात्यासारखा दिसतो.

तेज का बदलते? प्रथम विद्वानांना वाटले की हे दोन तारे असावेत, एकमेकांभोवती फिरताना एक दुसऱ्याला झाकत असेल. असे झाकले जाणारे जोडतारे आकाशात खरोखरच आहेत, म्हणून कल्पना वेडगळ नव्हती. पण १९१४ साली हार्लो शॅपली या अमेरिकन ज्योतिर्विदाने दाखवून दिले की अशा ताऱ्यांसाठी तो हिशेब जुळत नाही. जोडतारा धरून कक्षा काढली तर ती इतकी लहान येते की एक तारा दुसऱ्याच्या पोटातच फिरत असला पाहिजे! तेव्हा दोन तारे नाहीत, ताराच आलटून पालटून फुगतो व आकसतो आहे, असे शॅपली यांनी प्रतिपादन केले. वर्णपटानेही त्याला दुजोरा मिळतो. ताऱ्याचा पृष्ठभाग आपल्याकडे येत असताना वर्णपटातील रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असताना तांबड्या बाजूला. आरआर लायरीच्या रेषा अशाच पुढे-मागे सरकतात, आणि त्यावरून त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला काही दहा किलोमीटर भरतो. त्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे ५.१ पट ते ५.६ पट अशी बदलते. फरक लहान वाटेल. पण सूर्याची त्रिज्या सुमारे ७ लाख किलोमीटर आहे हे ध्यानात घेतले, तर या ताऱ्याचा पृष्ठभाग दर खेपेस साडेतीन लाख किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पृथ्वी ते चंद्र एवढे अंतर, बाहेर जातो आणि परत येतो.

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. तारा सर्वांत मोठा असताना सर्वांत तेजस्वी दिसत असेल असे कोणालाही वाटेल. तसे नाही. तेज मुख्यतः तापमानावर ठरते, आणि तापमान जरासे वाढले तरी प्रकाश पुष्कळ वाढतो, कारण तो तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. आरआर लायरीचे पृष्ठतापमान साधारण ६ हजार ते ७ हजार अंशांच्या दरम्यान हेलकावे खाते. तारा आकसून पुन्हा जोराने बाहेर फुगू लागतो त्या सुमारास तो सर्वांत उष्ण आणि सर्वांत तेजस्वी असतो. पूर्ण फुगलेला तारा थंडावत चाललेला असतो.

तरीही मूळ प्रश्न राहतोच. फुगणे-आकसणे थांबत का नाही? मुलाला झोक्यावर बसवून एकदा ढकलले की झोका काही वेळ चालतो आणि मग मंदावतो. तो चालू ठेवायचा तर प्रत्येक फेरीला, आणि योग्य क्षणीच, थोडा धक्का द्यावा लागतो. ताऱ्याला हा धक्का कोण देते? या प्रश्नावर इंग्लंडचे आर्थर एडिंग्टन यांनी १९१७ च्या सुमारास विचार केला आणि ताऱ्यात वाफेच्या इंजिनासारखी एखादी झडप असावी असे सुचविले. झडप कोठे आहे हे मात्र उशिरा कळले. १९५३ साली रशियन शास्त्रज्ञ झेवाकिन यांनी ती हेलियम वायूच्या एका थरात असल्याचे दाखविले.

ही झडप समजण्यास भाताचे पातेले पुरेसे आहे. झाकण घट्ट बसलेले असते तेव्हा वाफ आत कोंडते. दाब वाढला की झाकण उचलले जाते, वाफ निघून जाते, आणि झाकण पुन्हा खाली बसते. मग पुन्हा तेच. ताऱ्याच्या पृष्ठभागाखाली, जेथे तापमान सुमारे ४० हजार अंशांच्या आसपास आहे, तेथील हेलियमच्या अणूंनी आपल्या दोन इलेक्ट्रॉनांपैकी एक आधीच गमावलेला असतो. तारा आकसला की हा थर दाबला जातो. एरवी दाबलेला वायू तापतो, अधिक पारदर्शक होतो आणि उष्णता बाहेर जाऊ देतो. येथे मात्र दाबाने आलेली शक्ती दुसरा इलेक्ट्रॉन सोडविण्यात खर्च होते. थर फारसा तापत नाही, उलट दाट आणि अपारदर्शक होतो. आतून येणारी उष्णता त्याच्याखाली अडकते. हे झाकण बसणे झाले. अडकलेली उष्णता थराला बाहेर ढकलते आणि तारा फुगतो. फुगल्यावर थर विरळ व थंड होतो, इलेक्ट्रॉन परत अणूंना जाऊन मिळतात, थर पारदर्शक होतो आणि कोंडलेली उष्णता निसटून जाते. हे झाकण उचलणे. मग ताऱ्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण त्याला पुन्हा आत ओढते. झोक्याला धक्का नेमका योग्य क्षणी बसतो तो असा.

मग सगळेच तारे असे का धडधडत नाहीत? हेलियम तर सर्वत्र आहे. उत्तर असे की झडप योग्य खोलीवर असावी लागते. तारा फार उष्ण असेल तर हा थर अगदी पृष्ठभागाजवळ येतो, त्याच्यावर व त्याच्यात वस्तूच इतकी कमी असते की ती ताऱ्याला हलवू शकत नाही. तारा फार थंड असेल तर त्याच्या बाहेरच्या थरांत उकळत्या पाण्यासारखे प्रवाह सुरू होतात आणि उष्णता त्या वाटेने निघून जाते. मधल्या एका अरुंद पट्ट्यातील ताऱ्यांनाच ही धडधड लागते. हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही, असा हा सगळा मामला आहे. प्रतीत्यसमुत्पाद ज्यांनी वाचला आहे त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. अर्थात बुद्धांनी हेलियमचा शोध लावला होता असे कोणी यावरून म्हणू नये. आपल्याकडे हल्ली तशीही एक खोड लागली आहे.

एका फेरीला साडेतेरा तासच का लागतात, हेही सांगता येते. १८७९ मध्ये ऑगस्ट रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने गणिताने दाखविले की स्पंदनाचा काळ ताऱ्याच्या सरासरी घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. विरळ तारा सावकाश, घन तारा भराभर. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी कागद घेऊन हा हिशेब करून पाहावा. आरआर लायरीचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.६५ पट आहे, त्रिज्या सरासरी ५.३ पट. त्रिज्येचा घन सुमारे १४९. म्हणून घनता सूर्याच्या सुमारे २२९ वा भाग. त्याचे वर्गमूळ सुमारे १५. सूर्याएवढ्या घनतेच्या ताऱ्याला अशा फेरीस साधारण पाऊण ते एक तास लागेल. त्याची पंधरा पट म्हणजे अकरा ते पंधरा तास. प्रत्यक्ष उत्तर १३ तास ३६ मिनिटे, म्हणजे अगदी त्या मर्यादेत. आणि २२९ वा भाग म्हणजे किती विरळ? आपण श्वासावाटे घेतो त्या हवेच्या जेमतेम पाच पट. सूर्याच्या पन्नासपटीच्या आसपास प्रकाश देणारा हा गोळा सरासरीने एवढा पोकळ आहे.

हा तारा वृद्ध आहे. त्याच्या जातीचे तारे दहा अब्ज वर्षांहून अधिक वयाचे असतात, आपला सूर्य त्यांच्या मानाने तरुण. गाभ्यातील हायड्रोजन केव्हाच संपला, मध्यंतरी तो फुगून तांबडा महाकाय तारा झाला, बाहेरचा काही भाग गमावून बसला, आणि आता गाभ्यात हेलियम जाळतो आहे. ही अवस्था काही कोटी वर्षांची, मग तीही संपेल. त्याच्यात लोखंड सूर्याच्या मानाने चार टक्क्यांच्या आसपासच आहे, कारण तो जन्मला तेव्हा विश्वात जड मूलद्रव्ये फारशी तयार झालेली नव्हती.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला त्या भागाकडे येतो. आरआर लायरीसारखे तारे हार्वर्डचेच सोलन बेली यांना १८९० च्या दशकात शेकड्यांनी सापडू लागले होते, तेही गोलाकार तारकागुच्छांमध्ये. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात आरेकिपा येथे हार्वर्डचे ठाणे होते, तेथून त्यांनी छायाचित्रे घेतली. नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा त्यांपैकी एक गुच्छ. एप्रिल-मे महिन्यात रात्री महाराष्ट्रातून दक्षिण क्षितिजाच्या वर तो पुसट ठिपक्यासारखा दिसतो, अंधारे गाव मात्र हवे. या ताऱ्यांचा गुण असा की सर्वांचे खरे तेज जवळजवळ सारखे असते. समजा, रस्त्यावरचे सगळे दिवे एकाच वॅटचे आहेत. मग जो मंद दिसेल तो दूरचा, आणि किती मंद यावरून किती दूर हे काढता येईल. अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश होतो. स्वाती तारा व सप्तर्षी यांच्या दरम्यान एम तीन नावाचा गुच्छ आहे. त्यात या जातीचे दोनशेहून अधिक तारे आहेत आणि ते आपल्या आरआर लायरीपेक्षा सुमारे दीड हजार पट मंद दिसतात. दीड हजाराचे वर्गमूळ सुमारे ३९. आरआर लायरी आपल्यापासून सव्वाआठशे ते साडेआठशे प्रकाशवर्षांवर आहे. गुणाकार केला की एम तीनचे अंतर निघते सुमारे ३३ हजार प्रकाशवर्षे. धडधडणारा तारा ओळखता आला म्हणून ही मोजपट्टी हाती आली. तो धडधडला नसता तर लक्षावधी ठिपक्यांतला एक ठिपकाच राहिला असता.

शॅपली यांनी हीच मोजपट्टी घेऊन एकामागून एक तारकागुच्छ मोजले. १९१८ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी असे समजले जाई की सूर्य आपल्या आकाशगंगेच्या जवळजवळ मध्यभागी आहे. कोपर्निकसने पृथ्वीला मध्यातून हलविले होते, पण सूर्याची गादी शाबूत होती. गुच्छांचा घोळका मात्र सूर्याभोवती नव्हता. तो धनु राशीच्या दिशेला, फार दूर एका ठिकाणाभोवती होता. शॅपली यांनी निष्कर्ष काढला की मध्य तेथे आहे, आपण कडेच्या बाजूला आहोत. त्यांचे अंतर बरेच जास्त आले होते, कारण वाटेतील धुळीमुळे तारे मंद दिसतात हे तेव्हा नीट माहीत नव्हते. आज ते अंतर सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे मानले जाते. दिशा मात्र बरोबर होती. आपण मध्यभागी आहोत, अमुक वरच्या पायरीवर व तमुक खालच्या, अशी रचना माणूस समाजातही करतो आणि आकाशातही. आकाशातली ती रचना ज्या कामाच्या पायावर मोडली, त्यात तासाला पंचवीस सेंटवर काचा तपासणाऱ्या बायकांचा वाटा आहे.

आणखी एकदा या ताऱ्यांनी हिशेब बदलला, तो न दिसण्यामुळे. वॉल्टर बाडे हे जर्मन ज्योतिर्विद अमेरिकेत माउंट विल्सन वेधशाळेत काम करीत. दुसऱ्या महायुद्धात ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले, त्यामुळे युद्धकार्यात त्यांना घेतले गेले नाही. इतर सहकारी तिकडे गेले आणि शंभर इंची दुर्बीण यांच्या वाट्याला आली. वर लॉस एंजलिस शहराचे दिवे युद्धामुळे मंद केलेले, आकाश काळेभोर. १९४४ मध्ये त्यांनी ताऱ्यांचे तरुण व वृद्ध असे दोन समूह असल्याचे दाखविले. पुढे पालोमार येथील दोनशे इंची दुर्बीण आली. तिच्यातून देवयानी दीर्घिकेतील आरआर लायरी जातीचे तारे जेमतेम दिसावेत असा हिशेब होता. ते दिसलेच नाहीत. दुर्बीण ठीक होती, काचा ठीक होत्या. याचा अर्थ एकच, देवयानी दीर्घिका मानली होती त्याच्या सुमारे दुप्पट दूर आहे. चूक निघाली ती सेफीड नावाच्या दुसऱ्या रूपविकारी ताऱ्यांच्या मोजपट्टीत, दोन निराळ्या जातींचे सेफीड एकच समजले गेले होते. बाडे यांनी हे १९५२ मध्ये रोम येथील परिषदेत जाहीर केले. दीर्घिकांची अंतरे दुप्पट झाली आणि त्याबरोबर विश्वाचे वयही. ते आवश्यकच होते, कारण तोपर्यंत विश्वाचे वय पृथ्वीवरच्या जुन्या खडकांपेक्षा कमी भरत होते. खाते जुळत नव्हते ते अशा रीतीने जुळू लागले.

आरआर लायरीबद्दल सर्व काही उलगडले आहे असे मात्र नाही. १९०७ मध्ये मॉस्कोचे सर्गेई ब्लाझ्को यांना याच जातीच्या एका ताऱ्यात आढळले की धडधडीचा जोरही हळूहळू कमीजास्त होतो. १९१६ मध्ये शॅपली यांनी आरआर लायरीतही ते पाहिले. सुमारे चाळीस दिवसांत एकदा त्याची उसळी मोठी होते व पुन्हा लहान. शंभर वर्षांहून अधिक काळ याचे सर्वमान्य कारण सापडलेले नाही. २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर उपग्रहाने या ताऱ्यावर सतत नजर ठेवली तेव्हा दिसले की काही काळ एक उसळी उंच, दुसरी ठेंगणी, तिसरी पुन्हा उंच असा प्रकार चालतो. जमिनीवरून हे दिसणे कठीण होते, कारण प्रत्येक दुसरी उसळी दिवसाउजेडी येते. गाया उपग्रहाची गंमत तर आणखी निराळी. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या मोजणीत या ताऱ्याचा पराशय चक्क उणे आला होता, म्हणजे अंतर निरर्थक. पुढच्या मोजणीत ते सुधारले.

ज्या विद्यार्थ्यांना हा तारा स्वतः पाहावयाचा आहे त्यांनी पावसाळा संपू द्यावा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास आकाश निवळते. त्या दिवसांत रात्री आठ वाजता अभिजित वायव्येला ठळक दिसतो. साधी द्विनेत्री दुर्बीण पुरते, तारकानकाशा जवळ असावा, आणि शहराच्या दिव्यांपासून दूर जावे. शेजारच्या ज्या ताऱ्यांचे तेज बदलत नाही अशांपैकी दोघांशी तुलना करावी, एक याच्याहून थोडा तेजस्वी, एक थोडा मंद. दर अर्ध्या तासाला वेळ व अंदाज वहीत टिपून ठेवावा. समजा, रात्री आठ वाजता तारा सर्वांत तेजस्वी दिसला, तर पुढची उसळी दुसऱ्या दिवशी सकाळी ९ वाजून ३६ मिनिटांनी, ती दिसणार नाही. त्यानंतरची त्याच रात्री ११ वाजून १२ मिनिटांनी. आणि सात फेऱ्यांनंतर, म्हणजे चौथ्या दिवशी, संध्याकाळी ७ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास तो पुन्हा तसाच तेजस्वी होईल. उसळीच्या वेळी चढ इतका जलद असतो की दोन-अडीच तास बसून राहिल्यास तो डोळ्यांदेखत उजळताना जाणवतो. जो प्रकाश दुर्बिणीतून डोळ्यांत शिरेल तो तेथून निघाला तेव्हा नालंदेच्या विहारांत भिक्षू अजून अध्ययन करीत होते.